भरतीची रेघ : मुंबईबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मुंबईच्या सात बेटांवर टिपण आलं, तेव्हापासून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं इतिहासाची असोत, पावसाची असोत की ओल्या भिंतींची, बहुतेकांचं मूळ एकच निघतं : जुनी भरती कुठपर्यंत यायची.

आमची इमारत मूळ बेटावर आहे की भरावावर, हे घरबसल्या कसं ओळखायचं? सात बेटांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत.
— एक वाचक, भायखळा

नकाशे जुळत नाहीत, कारण बेटांची कड दिवसातून दोनदा बदलत होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं म्हणजे भरतीच्या वेळची मुंबई. ओहोटीला मधल्या खाड्यांपैकी बऱ्याच ठिकाणी चिखल तुडवत पायी पलीकडे जाता येई. पायधुनी हे नाव त्याचीच खूण : खाडी ओलांडल्यावर पाय धुवायची जागा. त्यामुळे भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांतली कुठली धरली, यावर नकाशा बदलतो.

जमिनीचा साचा लक्षात घेतला की पुढचं सोपं जातं. बेसॉल्टच्या दोन कण्यांवर हे शहर उभं आहे. पश्चिमेचा कणा मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळीचा. पूर्वेचा डोंगरी, माझगाव, परळ, शिवडीकडचा. मधली सखल पट्टी म्हणजे खाजण, भरतीचं खारं पाणी शिरणारी दलदलीची जमीन. महालक्ष्मीपाशी कंबाला हिल आणि वरळी यांच्यामध्ये मोठं खिंडार होतं. तिथून समुद्र आत शिरे आणि पार भायखळ्यापर्यंत पसरे. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात हे खिंडार बांध घालून बुजवायला घेतलं आणि १७८४च्या सुमारास ते काम पुरं झालं. तोच हॉर्नबी वेलार्ड. 'वेलार्ड' हा शब्द बांध किंवा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज 'वालादो'वरून आला. पुढे शीवचा बांध, १८३८चा कुलाबा कॉजवे आणि १८४५चा माहीम कॉजवे झाले. माहीमच्या कॉजवेसाठी लेडी अवाबाई जमशेटजी यांनी १,५७,००० रुपये दिले.

आता तुमच्या इमारतीबद्दल. चार गोष्टी ताडून पाहा, एकीवर विसंबू नका.

पहिली, नाव. खाडी, खार, खाजण असा शब्द जागेच्या नावात असेल तर तिथे खारं पाणी होतं असं धरायला हरकत नाही. उमरखाडी हे ठळक उदाहरण. बोरीबंदर, चिंचबंदर, मशीद बंदर ही नावं सांगतात की बंदराचा काठ एकेकाळी तिथे होता आणि त्यांच्या पूर्वेची जमीन नंतर आली. 'तलाव' मात्र फसवतो. धोबीतलाव किंवा गोवालिया टँक ही गोड्या पाण्याची तळी होती, त्यांचा समुद्राशी संबंध नाही.

दुसरी, माती. ही सगळ्यात भरवशाची. सोसायटीच्या कागदपत्रांत पायाच्या वेळचा बोअरिंगचा अहवाल असेल तर तो काढा. दोन-तीन मीटरांत मुरूम आणि मग कातळ लागला असेल, तर तुम्ही कण्यावर आहात. वर डबर, विटांचे तुकडे, राख, आणि खाली काळपट निळी चिकट माती व तीत शिंपल्यांचे तुकडे असा क्रम असेल, तर ती खाजणावरची भर आहे. भायखळ्याकडच्या सखल पट्टीचा बराच भाग एकोणिसाव्या शतकात शहराच्या कचऱ्याने भरला गेला. म्हणून तिथे एकाच आवारात दोन बोअरांचे थर वेगळे निघतात, आणि जुन्या इमारती एका अंगाला खचतात त्याचंही हेच कारण असतं.

तिसरी, उतार. जोराच्या सरीत अर्धा तास उभं राहून रस्त्यावरचं पाणी कुठल्या दिशेला पळतं ते पाहा. ते समुद्राच्या उलट दिशेला, शहराच्या पोटाकडे जात असेल, तर तुम्ही कण्याच्या आतल्या उतारावर आहात.

चौथी, जुनी मोजणी. कर्नल लॉफ्टन यांच्या देखरेखीखाली १८७२पर्यंत शहराची मोठ्या प्रमाणावरची मोजणी झाली. त्या नकाशांत बांध, तळी, विहिरी आणि रिकामी खाजणं वेगवेगळी दिसतात. एक सावधगिरी : पालिकेच्या आराखड्यांवर उंची 'टाउन हॉल डेटम'पासून मोजलेली असते. तिचं शून्य समुद्रसपाटीच्या बरंच खाली धरलेलं आहे. कागदावर २७ किंवा २८ मीटर दिसलं, म्हणजे इमारत समुद्रापासून तेवढी उंच आहे असा अर्थ होत नाही. ही गैरसमजूत फार पसरलेली आहे आणि ती घातक आहे, कारण असा आकडा सखल जागेचाच असतो.

हिंदमाताला दरवर्षी पाणी का तुंबतं? समुद्र तर तिथून लांब आहे. आणि 'आज साडेचार मीटरची भरती' या बातमीचा नेमका अर्थ काय?
— एक वाचक, परळ

वर सांगितलेल्या दोन कण्यांच्या मधल्या बशीत हिंदमाता येतं. वेलार्डने समुद्र बाहेर थोपवला, पण दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून येणारं पावसाचं पाणी आतच राहू लागलं. खाऱ्या पाण्याचं खाजण गेलं आणि गोड्या पाण्याची दलदल आली. या बशीला नैसर्गिक उतार जवळजवळ नाही, म्हणून मुंबईची मोठी गटारं लांबलचक आणि अगदी सपाट बांधावी लागली. सपाट गटारात पाण्याला वेग नसतो. वेग नसला की गाळ बसतो, आणि गाळ बसला की गटाराचा छेद आणखी कमी होतो.

जुनी पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमी पावसासाठी आखलेली होती, तीही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. आज डांबर, काँक्रीट आणि फरशी यांमुळे मुरायला जागाच उरलेली नाही. १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिमी करायला सांगितलं. हे आकडे घरगुती मापात असे : १ मिमी पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिमी पडला तर ५,००० लिटर, म्हणजे पाण्याच्या टँकरचा अर्धा भाग, एका तासात, एका गच्चीवरून.

आता भरती. बातमीतल्या 'साडेचार मीटर'चा लाटेच्या उंचीशी काही संबंध नाही. 'साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असं छापून येतं ते चूक आहे. हा आकडा पाण्याच्या पातळीचा आहे आणि तो समुद्रावरच्या नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजतात. अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या वर २.५१ मीटर आहे. उधाणाच्या भरतीची सरासरी ४.४२ आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत भरती सरासरी ३.३० आणि ओहोटी १.८६. म्हणजे साडेचार मीटरची भरती समुद्रसपाटीपेक्षा दोन मीटर वर. शहराच्या बहुतेक गटारांची तोंडं या पातळीच्या खाली आहेत. भरतीला समुद्राचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून जिथे झडपा आहेत तिथे त्या बंद करतात, जिथे नाहीत तिथे समुद्रच गटारात चढतो. दोन्ही बाबतींत पावसाचं पाणी बाहेर पडत नाही. तेवढा वेळ फक्त पंप काम करतात : हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ईर्ला, गझदरबंध आणि हिंदमाता-परळचं पाणी पूर्वेकडे नेणारं ब्रिटानिया, ही ती उदंचन केंद्रं. हिंदमाताच्या पाण्यासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली साठवण टाक्याही केल्या आहेत. त्यांचं काम पाणी घालवणं नव्हे. भरती उतरेपर्यंत ते धरून ठेवायचं, एवढंच.

भरतीची वेळ पंचांगावरून काढायची कोकणातली रीत मुंबईलाही लागू पडते. पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबईत पूर्ण भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते. पुढे दर तिथीला पाऊण तास जोडायचा. तृतीयेला तीन वेळा पाऊण तास, म्हणजे सव्वादोन. अष्टमीला सहा, म्हणजे संध्याकाळी आणि पहाटे सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अर्ध्या तासाची चूकभूल धरा आणि होडी किंवा रेवस-मांडव्याची फेरी गाठायची असेल तर छापील तक्ताच पाहा. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी नसतं, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं.

पाणी चढतं कसं, तेही पाहून ठेवा. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास घ्या आणि एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. उधाणाला चढ सुमारे ३.६६ मीटर असतो, म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासात पातळी जेमतेम ३० सेंटिमीटर हलते. 'चारला भरती होती, साडेचारला पाणी का उतरलं नाही?' या तक्रारीचं उत्तर यात आहे. पूर्ण भरतीनंतर दोन तास गेल्यावाचून गटारं मोकळी होत नाहीत.

२६ जुलै २००५ हा दिवस या हिशेबाने पाहा. पौर्णिमा २१ जुलैची. पाच दिवसांचे पाच वेळा पाऊण तास म्हणजे पावणेचार. त्या दिवशीची पूर्ण भरती दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी, ४.४८ मीटरची होती. पावसाने जोर धरला तोही दुपारी दोन-अडीचपासून, आणि सर्वांत वाईट तासात १९० मिमीच्या आसपास पाऊस झाला. गटारं ज्या वेळी बंद असतात नेमक्या त्याच वेळी त्यांच्या क्षमतेच्या सातपटींहून जास्त पाणी आलं. हाच पाऊस भांगाच्या दिवसांत, दुपारी ओहोटी असताना पडला असता तरी पूर आला असताच, मिठी नदीकाठी तर नक्कीच, पण पाणी कितीतरी लवकर उतरलं असतं. म्हणून पावसाळ्यात नुसता पावसाचा अंदाज पाहू नका. अतिवृष्टीचा इशारा आणि ४.५ मीटरवरची भरती एकाच वेळी येत असतील, तर भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास सखल भागातून जाणं टाळा. गाडी तळघरात लावत असाल तर ती आदल्या रात्रीच वर काढा.

कुलाबा आणि सांताक्रूझ यांचे पावसाचे आकडे इतके वेगळे का? खरा आकडा कुठला मानायचा?
— एक शिक्षिका, विलेपार्ले

दोन्ही खरे. ही दोन ठिकाणं सरळ रेषेत २४ किलोमीटर दूर आहेत. कुलाबा निमुळत्या टोकावर, तिन्ही बाजूंनी पाण्यात. सांताक्रूझ साष्टीच्या रुंद जमिनीवर. जून ते सप्टेंबरची सरासरी कुलाब्याला सुमारे २,१०० मिमी आणि सांताक्रूझला सुमारे २,३०० मिमी आहे. एका दिवसापुरता फरक मात्र कितीही होऊ शकतो : २७ जुलै २००५ला सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. वर्गात सांगताना 'सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ' हे मुलांना आवर्जून सांगा. २६ तारखेच्या दुपारचा पाऊस २७ तारखेच्या खात्यात का दिसतो, हे त्याशिवाय कळत नाही. 'जोरदार पाऊस' या शब्दांनाही मापं आहेत : २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६पासून अतिजोरदार आणि २०४.४च्या वर गेला तर अत्यंत जोरदार.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होऊ लागल्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने चुंबकसुया ढळतील म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला नेली. तिथली इमारत पोरबंदरी दगडाची आहे आणि बांधकामात लोखंड वापरलेलं नाही. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ बरोबरीने घेतल्या, म्हणून जुनी मालिका तुटली नाही. मुलांची सहल अलिबागला जात असेल तर हे आधी सांगून ठेवा.

मार्चमध्ये अचानक ३८-४० अंश होतात आणि मेमध्ये मात्र ३४. असं का?
— एक वाचक, मुलुंड

मुंबईचा पारा खाऱ्या वाऱ्यांवर चालतो. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. सकाळी जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात आणि तापमान तिथेच थांबतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी पूर्वेचे कोरडे वारे इतके जोरात असतात की खारे वारे दुपारी दोन-तीनपर्यंत आत येऊच शकत नाहीत. मधल्या तीन तासांत पारा चढतो. सांताक्रूझचा ४२.२ अंशांचा उच्चांक १४ एप्रिल १९५२चा आहे. मे महिन्यात पश्चिमेचे वारे पक्के बसलेले असतात, म्हणून आकडा कमी आणि घाम जास्त.

सकाळी साडेअकराला गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पाहा. ते अजून पश्चिमेकडे उडत असतील तर दिवस कडक जाणार. पूर्वेच्या खिडक्या लगेच बंद करा, पडदे ओढा आणि कपड्यांची दिशा फिरली की पश्चिमेच्या उघडा. मुलुंड समुद्रापासून आत असल्याने तुमच्याकडे हा बदल कुलाब्यापेक्षा उशिरा पोचतो.

गिरगावात आमचं शंभर वर्षांपूर्वीचं दुमजली घर आहे, जाड भिंती आणि सागवानी तुळया. दर पावसाळ्यानंतर तळमजल्याचा गिलावा फुगून पडतो. दोनदा सिमेंटने करून घेतला, दोन्ही वेळा दोन वर्षांत गेला.
— एक वाचक, गिरगाव

सिमेंटनेच तो पडतो आहे. तुमच्या भिंती दगड-विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या असणार. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडते. गिरगावचं जमिनीतलं पाणी उथळ आहे आणि हवेतही मीठ आहे. सिमेंटच्या गिलाव्याने भिंतीचा श्वास बंद होतो, ओल आणखी वर चढते आणि मीठ गिलाव्याच्या पाठीमागे साठतं. पावसाळ्यानंतर भिंत वाळू लागली की त्या मिठाचे खडे होतात, ते फुगतात आणि गिलावा ढकलून पाडतात. पडलेल्या तुकड्याची आतली बाजू पाहा. पांढरा, बोटाला लागणारा, जिभेला खारट भुगा असेल तर तो लोणा. आणि भुगा विटेच्या रंगाचा असेल तर नुकसान विटेपर्यंत गेलं आहे.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळा संपताच हात घालू नका, भिंतीला निदान महिनाभर वाळू द्या. ओलीची रेघ जिथपर्यंत चढली आहे तिच्या वर आणखी ४५ सेंटिमीटरपर्यंतचा सगळा सिमेंट गिलावा काढा. छिन्नी आडवी धरा, विटांच्या कडा उडू देऊ नका. सांधे १५-२० मिलिमीटर खोल कोरून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली पडलेला भुगा गोळा करून आवाराबाहेर टाका. भिंत पाण्याने धुवायचा मोह होतो, तो टाळा. धुतलं की मीठ विरघळून पुन्हा आत शिरतं. त्याऐवजी कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून दीड-दोन सेंटिमीटर जाड थापा, पूर्ण वाळू द्या आणि सोलून फेका. दोन-तीन वेळा केलं की वरच्या थरातलं बरंच मीठ लगद्यात उतरतं.

चुना कळीचाच घ्या आणि तो पाण्यात टाका. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उसळून डोळ्यांत जातो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवा. घाईने वापरला तर न विरलेले कण नंतर भिंतीत फुटतात आणि गिलाव्यावर फोड येतात. प्रमाण मापाने : एक भाग विरलेला चुना, दोन भाग नदीची धुतलेली वाळू, एक भाग बारीक सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. वाळू भिजवून वरचं पाणी चाखून पाहा. खारट लागलं तर पुन्हा धुवा. भिंतीवर पाणी शिंपून पहिला थर १०-१२ मिलिमीटर द्या आणि नखाने जेमतेम ओरखडा उठेल इतका घट्ट झाला की दुसरा. वरून ओलं गोणपाट आठ-दहा दिवस लटकवा. उन्हात भराभर वाळलेला चुना पिठासारखा राहतो. शेवटी चुन्याची सफेदी, पातळ तीन हात. तेलरंग किंवा प्लास्टिक पेंट अजिबात नको, नाहीतर सिमेंटचाच प्रकार पुन्हा.

मीठ येतच राहणार आहे, हे मनात धरून चला. चुन्याचा गिलावा ते थोडं थोडं बाहेर टाकतो, म्हणून आठ-दहा वर्षांनी खालचा पट्टा पुन्हा करावा लागेल. त्यात भिंत वाचते. गिलावा काढलेलाच आहे तर तुळयांची भिंतीत गेलेली टोकं टोच्याने तपासून घ्या. टोच्या सहज दोन सेंटिमीटर आत गेला तर लाकूड कुजलं आहे किंवा वाळवीने खाल्लं आहे. अशा वेळी गिलाव्याचं काम थांबवून आधी संरचना अभियंत्याला बोलवा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर दुरुस्ती मंडळाची परवानगीही आधी घ्या.

चर्चगेटजवळची पारशी विहीर समुद्राच्या इतकी जवळ असून गोडी कशी? आमच्या सोसायटीची बोअर मात्र खारी झाली.
— एक वाचक, खार

भिखा बेहराम विहीर १७२५ची आहे. तेव्हा तर समुद्र आजच्याहून जवळ होता, कारण मरीन ड्राइव्हची जमीन विसाव्या शतकातली. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि जड खाऱ्या पाण्यावर तरंगतं. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा फुगा टिकतो. बादलीने शेंदलं तर हा फुगा जागचा हलत नाही. पंपाने ओढलं की हिशेब उलटा फिरतो : वरची पातळी अर्धा मीटर खाली गेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू २० मीटर वर येऊ शकतं. बोअर खोल असेल तर खारं पाणी आधी तिलाच लागतं.

बोअर आणखी खोल नेऊ नका. पंप लहान घ्या आणि दिवसात दोन-तीन वेळा थोडा थोडा चालवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, दर आठवड्याला, त्याच वेळी, पंप सुरू करून दहा मिनिटांनी मोजून लिहून ठेवा. भरतीच्या वेळी आकडा वाढत असेल तर समुद्राशी थेट संबंध आला आहे. गच्चीचं पाणी जमिनीत सोडा. ५०० चौरस मीटर गच्ची, २,००० मिमी पाऊस आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी ८ लाख लिटर होतात. पहिल्या सरीचे २-३ मिमी बाहेर सोडा, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. पण जमीन खाजणाची चिकट माती असेल तर मुरवणीचा खड्डा करू नका. तो जूनमध्येच भरतो आणि मग डास होतात. तिथे टाकी बांधून साठवणंच बरं. विहीर असेल तर जाळी आणि घट्ट झाकण हवंच. बेंटली यांनी १९११पर्यंत केलेल्या पाहणीत शहरातल्या हिवतापाचं मूळ विहिरींत वाढणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफन्सी डासांत सापडलं, आणि त्यानंतर मुंबईतल्या कितीतरी चांगल्या विहिरी बुजवल्या किंवा बंद केल्या गेल्या. जाळीने भागलं असतं तिथेही भर टाकली गेली, हे या शहराचं मोठं नुकसान झालं असं आमचं मत आहे.

मिळकतीच्या कागदावर 'फजनदारी' लिहिलंय. हा काय प्रकार?
— एक वाचक, माझगाव

पोर्तुगीज 'फाझेंदा', म्हणजे वाडी किंवा जमीनजुमला, त्यावरून आलेला शब्द. मुंबई १६६१च्या विवाहकरारात इंग्रजांना मिळाली, १६६८मध्ये इंग्लंडच्या राजाने ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली, पण जुने जमीनधारक जागेवरच होते. १६७४मध्ये गव्हर्नर ऑंजिए यांनी त्यांच्याशी वर्षाला २०,००० झेराफिन (तेव्हाचं पोर्तुगीज नाणं) घेऊन समझोता केला. फजनदाराने जमीन दुसऱ्याला घर बांधायला द्यायची आणि वार्षिक भाडं घ्यायचं, अशी पद्धत पुढे रूढ झाली. कागदावर हा शब्द असेल तर जमिनीचा आणि इमारतीचा हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतो. विक्रीआधी वकिलाकडून दोन्हींचा शोध घ्या.

दादर-माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांत इमारतींमध्ये इतकं अंतर का ठेवलं होतं? आमच्या समोर आता टॉवर येतोय.
— एक वाचक, दादर पूर्व

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पश्चिमेकडून आत काढले, आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत नव्या वसाहती आखल्या. खोलीत उजेड किती यायला हवा, यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो आग्रहाने मांडला. अर्थ सोपा : समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. खिडकीच्या कट्ट्यापासून समोरचं छत १२ मीटर वर असेल तर मध्ये ६ मीटर हवेत.

हे घरी मोजता येतं. पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा, तळ १० सेंटिमीटर आणि उभी बाजू २० सेंटिमीटर. सर्वांत खालच्या राहत्या मजल्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर तो ठेवा, तळ सपाट, उभी बाजू बाहेर समोरच्या इमारतीकडे. आतल्या कोपऱ्याशी डोळा नेऊन तिरक्या बाजूवरून पाहा. समोरच्या छपरावर आकाश दिसलं तर जुना नियम पाळला जातो आहे. भिंतच दिसली तर नाही. आजच्या बांधकामांना आजची विकास नियंत्रण नियमावली लागू होते, त्यामुळे या त्रिकोणाला कायद्याचा आधार नाही. पण टॉवरच्या आराखड्यावर हरकत नोंदवताना 'उजेड कमी होईल' असं मोघम लिहू नका. तुमच्या खिडकीची पातळी, मधलं अंतर आणि समोरची उंची असे तीन आकडे मीटरमध्ये द्या आणि पश्चिमेचा वारा कुठल्या महिन्यांत, कुठल्या खिडकीतून येतो तेही लिहा. मोजमाप टॉवरचं काम जमिनीवर येण्याआधी, समोर मोकळं असतानाच करून ठेवा आणि तारखेसह फोटो काढा.